ट्यूबलेस सायकलचा टायर रिमवरून निघता निघत का नाही?

साध्या सायकलचं पंक्चर काढताना दुकानदार टायरच्या कडेखाली एक पट्टी सरकवतो, तिला थोडा रेटा देतो आणि मिनिटभरात टायरची एक बाजू रिमबाहेर येते. मग ट्यूब बाहेर काढायची, हवा भरून पाण्यात बुडवायची, बुडबुडे दिसले की तिथे घासायचं, सोल्युशन लावायचं, पॅच चिकटवायचा. विषय संपला.

त्याच दुकानात कुणी ट्यूबलेस टायरची रोड बाईक घेऊन गेलं की चित्र बदलतं. हवा पूर्ण गेलेली असते, टायर वरून लिबलिबीत लागतो, पण त्याची कड रिमला घट्ट धरून बसलेली असते. प्लास्टिकचा एखादा लिव्हर तुटतो, अंगठे सोलवटतात. शेवटी स्क्रू ड्रायव्हर बाहेर येतो आणि हजारो रुपयांच्या रिमवर ओरखडा पडतो.

स्कूटर, बाईक आणि कारमुळे 'ट्यूबलेस' हा शब्द आपल्याकडे घरोघरी पोहोचलाय. पण तिथे टायर काढायचं काम दुकानातलं मशीन करतं. सायकलवाल्याकडे असतात ते दोन हात आणि खिशातले दोन लिव्हर. म्हणूनच सायकलच्या बाबतीत हा टायर इतका घट्ट का, हा प्रश्न वेगळा ठरतो.

आधी टायर रिमवर बसतो कसा?

टायरच्या दोन्ही कडांमध्ये एक न ताणली जाणारी कडी असते. साध्या टायरमध्ये ती पोलादी तारेची असते, घडी घालता येणाऱ्या महाग टायरमध्ये केव्हलारसारख्या चिवट धाग्याची. या कडेला 'बीड' म्हणतात. (बीड जिल्ह्याशी काही संबंध नाही, पण सायकलवाल्यांच्या गप्पांमध्ये हा विनोद एकदा तरी होतोच.)

आता रिमची आतली बाजू डोळ्यासमोर आणा. दोन्ही बाजूंना उभ्या भिंती. भिंतीच्या पायथ्याशी एक सपाट पट्टा, ज्यावर बीड टेकते. आणि दोन पट्ट्यांच्या मधोमध एक खोलगट चर. हा चर ट्यूबच्या सायकलला असतो तसा ट्यूबलेसलाही असतो, आणि टायर चढवण्या-उतरवण्याचं सगळं गणित त्याच्यावर चालतं.

गणित असं. रोड बाईकच्या '७०० सी' चाकात बीड जिथे टेकते तिथला व्यास ६२२ मिमी असतो. रिमची भिंत त्याहून साधारण साडेपाच मिमी उंच धरली, तर भिंतीच्या वरच्या काठाचा व्यास होतो ६३३ मिमी. म्हणजे परिघात सुमारे साडेतीन सेंटिमीटरचा फरक. बीड ताणली जात नाही, मग ती आपल्यापेक्षा मोठ्या काठावरून बाहेर येणार कशी?

इथे तो चर कामाला येतो. बीड चाकाच्या बहुतेक घेरात पट्ट्यावरून खाली चरात उतरली, तर तिला कमी लांबी पुरते. चर ३ मिमी खोल असेल तर पूर्ण घेराला जवळपास १९ मिमी ढील मिळते. ही सगळी ढील एका जागी गोळा केली की तेवढ्या भागात बीड भिंतीवरून बाहेर ओढता येते. ट्यूबच्या साध्या टायरमध्ये हवा गेली की बीड आपोआप घसरून चरात पडते, त्यामुळे दुकानदाराला याचा विचारही करावा लागत नाही.

ट्यूबलेसमध्ये अडतं ते नेमकं इथेच. बीड चरात उतरायलाच तयार नसते.

उतरत का नाही?

ट्यूबच्या टायरमध्ये हवा ट्यूबमध्ये कोंडलेली असते. टायर आणि रिम यांच्यात फट असली तरी बिघडत नाही. ट्यूबलेसमध्ये मात्र टायर आणि रिम मिळूनच हवेचा डबा तयार होतो. स्पोकची भोकं टेपने बंद केलेली, व्हॉल्व्ह रबराच्या बुडासकट रिममध्ये आवळलेला, आणि उरलेला जोड म्हणजे बीड आणि तो सपाट पट्टा. इथून केसाएवढी फट राहिली तरी सकाळपर्यंत चाक बसणार.

त्यामुळे ट्यूबलेस टायरची बीड मुद्दाम कमी मापात, कमी ढिलाईने बनवतात. रिमचा पट्टाही अचूक मापाचा असतो. शिवाय बऱ्याच रिममध्ये पट्टा आणि चर यांच्या सीमेवर एक बारीकसा उंचवटा असतो. टायरमध्ये पहिल्यांदा हवा भरताना 'टाक टाक' असा जोरात आवाज येतो ना, तो बीड या उंचवट्यावरून उडी मारून पट्ट्यावर बसल्याचा. चढताना हवेच्या दाबाने जी उडी मारली, तीच उतरताना बोटांच्या जोराने उलटी मारायला लावायची असते. लोक लिव्हर घेऊन भिंतीशी झगडत बसतात, पण खरी अडचण खाली त्या उंचवट्याशी असते. लिव्हरने कितीही ओढलं तरी उरलेली बीड पट्ट्यावरच बसलेली असेल तर ढील कुठून मिळणार?

यात आणखी दोन गोष्टींची भर पडते. एक म्हणजे टेप. हवा निसटते म्हणून अनेक जण टेपचे एकावर एक थर चढवतात. चरातली टेप एकूण अर्ध्या मिमीने जाड झाली, तर मिळणारी ढील ३ मिमीहून अधिक घटते. १९ मिमीतून ३ मिमी जाणं म्हणजे अंगठ्याने निघणारा टायर आणि लिव्हर मोडणारा टायर यांतला फरक असू शकतो. दुसरी म्हणजे जोडी. टायर एका कंपनीचा, रिम दुसऱ्या कंपनीची. दोघांचंही माप मान्य मर्यादेत असतं, पण टायर मर्यादेच्या लहान टोकाला आणि रिम मोठ्या टोकाला असेल तर घट्टपणाची बेरीज होते. म्हणूनच एकाच मॉडेलचा टायर एका मित्राच्या चाकावरून सहज निघतो आणि दुसऱ्याच्या चाकावर रडवतो. दोघंही खरंच बोलत असतात.

सीलंट: हवा राखणारा, टायर चिकटवणारा

ट्यूबलेस टायरमध्ये ३० ते ६० मिली किंवा टायर मोठा असेल तर त्याहून जास्त पातळ द्रव घालतात. त्याला सीलंट म्हणतात. बहुतेक सीलंट द्रवरूप लॅटेक्सवर, म्हणजे रबराच्या चिकावर आधारित असतात. काटा घुसला की हवेबरोबर सीलंट भोकातून बाहेर येतो, तिथे सुकतो आणि भोक बुजतं.

पण सुकणं हा त्याचा गुणधर्म फक्त भोकापुरता मर्यादित राहत नाही. बीड आणि पट्ट्याच्या फटीतही तो झिरपतो आणि तिथे रबराचा पातळ थर जमतो. वर्षभर न काढलेला टायर म्हणजे अर्धवट चिकटवलेला टायर. उन्हाळ्यात, गच्चीवर किंवा बाल्कनीत उभ्या केलेल्या सायकलीत हे लवकर होतं. म्हणून कंपन्या साधारण दोन ते सहा महिन्यांत सीलंट तपासायला सांगतात. ती तपासणी भोक बुजवण्यासाठी सांगितलेली असली, तरी टायर काढता येण्यासाठीही तिचा उपयोग होतो.

ही कटकट १३० वर्षं जुनी आहे

टायर काढणं ही डोकेदुखी ट्यूबलेसने आणली असं वाटत असेल, तर जरा मागे जावं लागेल. जॉन बॉइड डनलॉप यांनी १८८८ मध्ये हवेच्या टायरचं पेटंट घेतलं. सुरुवातीचे टायर रिमला कायमचे चिकटवलेले असत. मिशलिन कंपनी आपल्या इतिहासात सांगते त्यानुसार, १८८९ मध्ये फ्रान्सच्या क्लेरमाँ-फेराँ शहरातल्या त्यांच्या कारखान्यात एक सायकलस्वार पंक्चर झालेला डनलॉप टायर घेऊन आला. तो सोडवून दुरुस्त करायला तीन तास लागले आणि गोंद सुकायला रात्र गेली. दुसऱ्या दिवशी एदुआर मिशलिन ती सायकल घेऊन निघाले, आणि थोड्याच अंतरावर टायर पुन्हा बसला.

यातून मिशलिन यांना दोन गोष्टी कळल्या. हवेचा टायर हेच भविष्य आहे, आणि तो कुणालाही झटपट काढता आला पाहिजे. १८९१ मध्ये त्यांनी काढता येणाऱ्या टायरचं पेटंट घेतलं. त्याच वर्षी पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही सुमारे १२०० किलोमीटरची शर्यत पहिल्यांदा झाली. हेच टायर लावून शार्ल तेराँ यांनी ती साधारण ७१ तासांत जिंकली. ही राइड आजही दर चार वर्षांनी होते आणि भारतातूनही सायकलपटू तिला जातात.

दरम्यान, १८९० मध्ये चार्ल्स किंग्स्टन वेल्च या इंग्रज माणसाने टायरच्या कडेत तार आणि रिमच्या मधोमध चर अशी रचना शोधली. डनलॉप कंपनीने ते पेटंट विकत घेतलं. आज गल्लीतला दुकानदार ज्या चराच्या भरवशावर टायर उतरवतो, तो हाच.

जुन्या बजाज चेतकचं चाक आठवत असेल तर आणखी एक उत्तर तिथे होतं. तिची रिम दोन अर्ध्या तबकड्यांची, नट-बोल्टने जोडलेली. हवा सोडा, नट काढा, रिमचे दोन भाग वेगळे, टायर हातात. सायकलच्या स्पोकवाल्या हलक्या चाकात ही सोय परवडत नाही.

सायकलमध्ये ट्यूबलेस आलं कधी?

१९९९ मध्ये माविक या फ्रेंच कंपनीने हचिन्सन आणि मिशलिन यांच्यासोबत 'यूएसटी' ही ट्यूबलेस पद्धत माउंटन बाईकसाठी आणली. त्यात टायर आणि रिम दोन्ही एका ठरलेल्या नमुन्याचे होते. मग अमेरिकेतल्या स्टॅन्स नोट्यूब्सने टेप, व्हॉल्व्ह आणि सीलंट वापरून साध्या रिमही ट्यूबलेस करण्याचा रस्ता दाखवला, आणि हा प्रकार झपाट्याने पसरला.

माउंटन बाईकमध्ये दाब कमी, टायर जाड. तिथे फार बोंब झाली नाही. खरा घोळ झाला रोड बाईकमध्ये. २००६ च्या सुमारास हचिन्सन आणि शिमानोने रोड ट्यूबलेस आणलं, तेव्हा टायरमध्ये १०० पीएसआयच्या आसपास हवा भरायची पद्धत होती. एवढ्या दाबाला बीड रिमवरून उडू नये म्हणून ती अतिशय कडक आणि मापाला घट्ट ठेवली गेली. त्यात सगळ्यांना मान्य असं एक मानकच नव्हतं. प्रत्येक कंपनी आपल्या हिशेबाने सुरक्षित बाजू पकडत होती, आणि सुरक्षित बाजू म्हणजे घट्ट बाजू.

कॉन्टिनेन्टलचं उदाहरण बोलकं आहे. २०१८ मध्ये आलेला त्यांचा 'जीपी ५००० टीएल' चालायला उत्तम आणि चढवायला महाकठीण म्हणून गाजला. २०२१ मध्ये त्याच्या जागी 'एस टीआर' आला, तेव्हा तो बसवायला सोपा आहे ही गोष्ट कंपनीने आवर्जून सांगितली. २०१९ च्या सुमारास युरोपातल्या टायर-रिम मानक संस्थेने, ईटीआरटीओने, रोड ट्यूबलेसची मापं निश्चित केल्यानंतर परिस्थिती बरीच सुधारली. आज नवा टायर आणि नवी रिम घेतली, तर दहा वर्षांपूर्वीइतका त्रास होण्याची शक्यता कमी आहे. जुनी रिम आणि नवा टायर, किंवा उलट, अशी जोडी असेल तर मात्र काही सांगता येत नाही.

मग थोडा सैल ठेवला तर काय बिघडतं?

फेब्रुवारी २०२४ मध्ये यूएई टूर या शर्यतीच्या पाचव्या टप्प्यात बेल्जियमचा अनुभवी सायकलपटू थॉमस डी गेंट सपाट रस्त्यावर पडला. फोटोंमध्ये त्याच्या पुढच्या चाकाचा टायर रिमवरून पूर्ण निघालेला दिसत होता. चाक दगडावर आदळल्याचं स्पष्टीकरण पुढे आलं, पण वाद पेटला तो वेगळ्याच मुद्द्यावर.

त्याची रिम 'हुकलेस' प्रकारची होती. जुन्या पद्धतीच्या रिममध्ये भिंतीच्या वरच्या काठाला आत वळलेली चोच असते, ती बीडला अडवून धरते. हुकलेसमध्ये भिंत सरळ असते. अशी कार्बन रिम बनवायला सोपी आणि स्वस्त पडते. पण चोच नसल्याने टायर जागेवर राहणं बीडच्या अचूक मापावर अवलंबून असतं. म्हणूनच हुकलेस रोड टायरमध्ये ७२.५ पीएसआय, म्हणजे ५ बारच्या वर हवा भरायची नाही, असा नियम आहे. डी गेंटच्या अपघातानंतर रिमच्या आतल्या रुंदीला किती रुंदीचा टायर चालतो, यावरही बरीच चर्चा झाली. खेळाडूंच्या संघटनेचे अध्यक्ष ॲडम हॅन्सन यांनी हुकलेसवर उघड टीका केली आणि यूसीआय या जागतिक संघटनेलाही दखल घ्यावी लागली.

उतारावर ताशी ६० किलोमीटरने जाताना पुढचं चाक पंक्चर झालं, तर बीड पट्ट्यावर टिकून राहणं आणि चरात घसरणं यात हाड मोडण्याएवढा फरक आहे. टिकली तर हँडल जड होतं, पण सायकल थांबवता येते. घसरली तर टायर रिमखाली गुंडाळतो आणि माणूस आडवा. घाट उतरणाऱ्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको. घरी बसून ज्या उंचवट्याला आपण शिव्या घालतो, त्याचं काम हे आहे.

अर्थात, यावरून प्रत्येक घट्ट टायर सुरक्षित ठरत नाही. जो टायर मालकाला स्वतः काढताच येत नाही, तो काढायला पुढे चुकीची अवजारं येतात. स्क्रू ड्रायव्हरने कार्बन रिमच्या काठाला पडलेली बारीक चीर वरून दिसेलच असं नाही. रस्त्यात टायर निघाला नाही म्हणून रात्री एखादा माणूस निर्जन ठिकाणी अडकतो, हाही धोकाच. कंपन्यांनी वर्षानुवर्षं पहिला धोका मोजला आणि दुसरा ग्राहकावर सोडला, असंच म्हणावं लागेल.

टायर काढायचा कसा?

पहिलं काम, हवा संपूर्ण सोडणं. व्हॉल्व्ह दाबून सोडलेली हवा पुरेशी नसते. व्हॉल्व्हच्या आतला सुटा भाग, ज्याला कोअर म्हणतात, तोच आटे फिरवून बाहेर काढावा. आत थोडी जरी हवा राहिली तरी ती बीडला पट्ट्यावर दाबून धरते. व्हॉल्व्ह वरच्या बाजूला ठेवला, तर तळाशी साचलेला सीलंट अंगावर येत नाही.

मग बीड पट्ट्यावरून उतरवायची. लिव्हर अजून खिशातच ठेवा. चाक उभं धरून दोन्ही अंगठ्यांनी किंवा तळव्याच्या टाचेने टायरची बाजू रिमच्या भिंतीपासून मधोमध ढकलायची. एका जागी एकदा 'फट्' आवाज होऊन बीड सुटली की पुढचं काम सोपं होतं, तिथून दोन्ही दिशांना सरकत जायचं. एका जागी निघत नसेल तर जागा बदला, घेरात कुठे ना कुठे पकड कमी असते.

हाताने होतच नसेल तर चाक जाड कापडावर आडवं ठेवून, रिमच्या अगदी लगत टायरच्या बाजूवर बुटाची टाच दाबतात. वजन टायरवर पडायला हवं. रिम, स्पोक किंवा डिस्कवर पाय पडला तर नवीन चाकाचा खर्च ठरलेला. डिस्क आणि गिअरची बाजू खाली येत असेल तर चाकाखाली लाकडाचे ठोकळे ठेवून ती जमिनीपासून उचलून धरावी. बीडच्या फटीत साबणाचं पाणी सोडल्यानेही फरक पडतो, कारण सुकलेल्या सीलंटची पकड त्याने ढिली होते. थंडीच्या दिवसांत चाक थोडा वेळ उन्हात ठेवलं तर रबर नरम पडतं.

दोन्ही बाजूंची बीड पूर्ण घेरात चरात उतरली, याची खात्री झाल्यावरच लिव्हर हातात घ्यायचे. सुरुवात व्हॉल्व्हपाशी करायची. याला कारण आहे. व्हॉल्व्हचं रबरी बूड चरातच बसलेलं असल्याने तिथे बीड खाली उतरू शकत नाही. त्यामुळे व्हॉल्व्हच्या बरोबर समोरची बाजू चरात दाबून ठेवायची आणि सगळी ढील व्हॉल्व्हकडे सरकवत आणायची. टायर चढवताना याच्या उलट, समोरून सुरुवात आणि व्हॉल्व्हपाशी शेवट.

पहिला लिव्हर घालून तो स्पोकला अडकवा, दुसरा पाच-सहा सेंटिमीटरवर घाला. अधाशीपणाने एकदम मोठा भाग ओढायला गेलं की लिव्हर मोडतो. जोर फार लागतोय असं वाटलं, तर थांबून पुन्हा समोरची बाजू तपासा. बहुतेक वेळा तिथे बीड परत पट्ट्यावर चढलेली सापडते. लिव्हर जाड प्लास्टिकचे घ्यावेत. निव्वळ लोखंडी लिव्हर कार्बन रिमजवळही नेऊ नयेत.

टायरच्या आत फोमची किंवा रबराची पट्टी, म्हणजे इन्सर्ट, असेल तर हे सगळं दुप्पट कठीण होतं, कारण ती पट्टी चर अडवून बसते. कुशकोर ही इन्सर्ट बनवणारी कंपनी तर बीड उतरवण्यासाठी 'बीड ड्रॉपर' नावाचं वेगळं अवजारच विकते. काही करून निघालाच नाही आणि टायर तसाही झिजलेला असेल, तर तो कापून काढणं हा शेवटचा मार्ग. आधी टायरचा वरचा भाग कापून बाजूला करायचा आणि बीड कटरने तोडायची. पातं रिमकडे वळू द्यायचं नाही.

रस्त्यात काय करायचं?

महाराष्ट्रात सायकलच्या टायरचे दोन जुने वैरी आहेत, बाभळीचा काटा आणि सराटे. पावसाळा संपला की माळावर आणि रस्त्याच्या कडेला सराट्याची फळं वाळतात, आणि कशीही पडली तरी त्यांचा एक काटा वर राहतो. हीच वनस्पती अमेरिकेत 'गोटहेड' नावाने कुप्रसिद्ध आहे आणि तिथल्या कोरड्या भागातले सायकलस्वारही तिच्याच धाकाने ट्यूबलेसकडे वळले. अशा बारीक काट्यांसाठी सीलंट उत्तम काम करतो. अनेकदा पंक्चर झालं हेही कळत नाही.

भोक मोठं असेल तर बाईकच्या ट्यूबलेस टायरला घालतात तशीच, पण बारीक, चिकट रबरी दोरी बाहेरून भोकात खुपसायची. टायर काढायचाच नाही. सायकलच्या ट्यूबलेसचं हेच खरं बलस्थान आहे, आणि या दोऱ्यांचं छोटं किट सोबत नसेल तर ट्यूबलेस वापरण्यात फारसा अर्थ नाही.

टायर उभा चिरला तर मात्र आत ट्यूब घालावी लागते, आणि तेव्हा टायर उतरवण्याला पर्याय उरत नाही. लांब पल्ल्याच्या ब्रेव्हे राइडमध्ये हे महागात पडू शकतं. २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात आणि ठरलेल्या कंट्रोल पॉइंटशिवाय इतरत्र स्वतःच्या गाडीची किंवा माणसांची मदत घेता येत नाही. हायवेवर अर्धा तास टायरशी कुस्ती खेळलेला माणूस पुढच्या कंट्रोलला धावतच पोहोचतो.

ट्यूब घालण्यापूर्वी दोन गोष्टी विसरल्या जातात. ट्यूबलेस व्हॉल्व्ह काढावा लागतो आणि त्याचा नट सीलंटने गच्च बसलेला असू शकतो, बोटांनी फिरत नाही. घरी असतानाच तो एकदा ढिला करून फक्त हाताने आवळलेला बरा. आणि टायरच्या आतून हात फिरवायचा, तोही जपून. महिनोन् महिने सीलंटने मुकाट बुजवलेले दहा-बारा सराटे तिथे टोकं वर करून बसलेले असतात. ते उपटले नाहीत, तर नवी ट्यूब शंभर मीटरही जाणार नाही.